स्लाइडवरच्या चित्रामागचा पांढरा चौकोन काही केल्या जात नाहीये

रेघोट्या
नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं, नेमकं काही सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय, आधीच असेल तर अ‍ॅडमिनने खुशाल तिकडे हलवावा.

तर झालंय असं की नववीच्या मुलांनी पेन्सिलीने फुलांचे उभे छेद काढलेत, जास्वंद, सूर्यफूल वगैरे, आणि इतके सुरेख काढलेत की पुस्तकातली आकृती दाखवण्यापेक्षा हेच स्लाइडवर लावावेत असं ठरवलं. कागदांचे मोबाइलने फोटो काढले. स्लाइडचा रंग गडद निळा आहे, त्यावर चित्र ठेवलं की मागे पांढरा चौकोन, शर्टाला ठिगळ लावल्यासारखा. म्हणून तो सेट ट्रान्सपरंट कलरचा ऑप्शन शोधला, पांढऱ्यावर क्लिक केलं, तर थोडं पांढरं गेलं आणि उरलेलं चित्राभोवती मुंग्या चिकटल्यासारखं राहिलं. परत क्लिक केलं तर आधीचं गेलेलं परत आलं!

मग शाळेचा लोगो. तो नेटवर शोधला तर मागे ते राखाडी-पांढरे बुद्धिबळासारखे चौकोन दिसत होते, म्हटलं चला हा पारदर्शक आहे, डाउनलोड करून लावला तर बुद्धिबळाच्या पटासकट स्लाइडवर हजर. आणि तिसरं म्हणजे मुलांचा एक ग्रुप फोटो आहे, त्यातली मागची भिंत काढायचीये.

शुक्रवारी दाखवायचंय. कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही, हे लक्षात ठेवून सांगा प्लीज.

बिनधास्त_बाबू
अहो ताई एवढा कशाला त्रास करून घेताय, बॅकग्राउंड काढून देणाऱ्या छप्पन्न साइट आहेत, फोटो टाका, पाच सेकंदात काम खल्लास. हाकानाका.

वायरमन
बाबू, थांब जरा. ताई, आधी तीन गोष्टी सांगा. सॉफ्टवेअर कुठलं आणि कुठलं व्हर्जन? चित्राच्या फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी आहे का पीएनजी? आणि निळा रंग बदलला तर चालणारे का?

रेघोट्या
पॉवरपॉइंट आहे, वर्गणीवालं, म्हणजे नवीनच असावं. मोबाइलचे फोटो जेपीजी आहेत. लोगोची फाइल पीएनजी आहे हो, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. निळा रंग बदलता येणार नाही, सगळ्या विषयांची एकच टेम्प्लेट आहे आणि ती माझ्या हातात नाही.

वायरमन
मग नीट सांगतो, वेळ काढून वाचा.

जेपीजीमध्ये पारदर्शक ही गोष्टच नसते. लाल, हिरवा, निळा एवढे तीनच आकडे प्रत्येक पिक्सेलचे (म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं त्यातल्या एकेका ठिपक्याचे), 'इथे काहीच नाही' असं सांगायची सोयच नाही. त्यामुळे तुम्ही कितीही छान कापून परत जेपीजी म्हणून सेव्ह केलंत की ती रिकामी जागा कुठल्यातरी रंगाने भरली जाणार, बहुतेक वेळा पांढऱ्या. पीएनजीत त्या तीन आकड्यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवता येतो, त्याला अल्फा म्हणतात, ० म्हणजे पूर्ण आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. पण पीएनजी म्हणजे पारदर्शक असं नाही हं. पीएनजीत पारदर्शकता *असू शकते*. तुमच्या लोगोत ती नाहीये, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून बुद्धिबळाच्या पटासकट सेव्ह केलेलं चित्र आहे ते, तिथे ते चौकोन खरोखरचे रंगवलेले आहेत.

आता मुंग्यांचं. सेट ट्रान्सपरंट कलर हा अगदी शब्दाला जागणारा माणूस आहे. तुम्ही ज्या पिक्सेलवर क्लिक केलंत त्याचा जो रंग असेल तो आणि तोच काढतो. डोळ्याला जो एकसारखा पांढरा दिसतो तो कागदाच्या फोटोत एकसारखा कधीच नसतो, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा धरला तर एका कोपऱ्यात २५२, दुसऱ्या कोपऱ्यात २३०, जिकडे तुमच्या हाताची सावली पडली तिकडे २०० सुद्धा. त्यात जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतं, त्यामुळे रेघेच्या आजूबाजूचं पांढरं गढूळ होतं. त्याच तुमच्या मुंग्या. आणि एका चित्रात एकच रंग काढता येतो, दुसऱ्यावर क्लिक केलं की पहिला परत येणारच.

कॉम्प्युटरवरच बनवलेलं एकरंगी, सपाट पीएनजी असेल तर हे हत्यार ठीक आहे. कागदाच्या फोटोला नाही.

मधलं_पान
वायरमन यांनी छान लिहिलंय. जरा अवांतर लिहितो, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

हा अल्फा कुठून आला याची गंमत आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी चित्राच्या पिक्सेलमध्येच पारदर्शकता साठवायची कल्पना काढली. दोन चित्रं एकमेकांत मिसळायच्या सूत्रात जे ग्रीक अक्षर वापरतात तेच नाव चिकटलं. मग १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं रचायचं गणित पद्धतशीर मांडलं, आजही तेच चालतं.

आपल्यासारख्यांपर्यंत हे यायला मात्र वेळ लागला. जिफ हा चित्रांच्या फाइलचा जुना प्रकार १९८७ चा, त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत पारदर्शकता आली पण एकच रंग पारदर्शक, म्हणजे पिक्सेल आहे किंवा नाही, मधलं काही नाही. जुन्या वेबसाइटवरची चित्रं कडेने कुरतडल्यासारखी दिसायची ती त्यामुळे. पुढे १९९४ च्या शेवटी जिफमध्ये वापरलेल्या दाबण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून युनिसिस कंपनीने लायसन्स मागायला सुरुवात केली, लोक भडकले, आणि त्या रागातून पीएनजी जन्माला आलं, १९९६ मध्ये त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन पक्कं झालं. म्हणजे आज आपण लोगोच्या कडा मऊ ठेवू शकतो याचं थोडं श्रेय एका पेटंटच्या भांडणाला.

बिनधास्त_बाबू
ताईंच्या जखमा मांडीला आणि पानसाहेबांचं मलम शेंडीला :)

मधलं_पान
आधीच सांगितलं होतं पुढे जा म्हणून. :)

शाईचा_डाग
मी पोटापाण्यासाठी दिवसभर हेच करते म्हणून दोन शब्द. सगळे म्हणतात बॅकग्राउंड काढणं, बॅकग्राउंड काढणं. तो सोपा भाग आहे हो. खरी मारामारी असते कडेची.

समजा काळा लोगो आहे, पांढऱ्यावर. झूम करत करत ८०० टक्क्यांवर जा आणि कड बघा. काळ्याला लागून लगेच पांढरं नसतं, मधे एक-दोन पिक्सेल राखाडी असतात. गोलाई दातेरी दिसू नये म्हणून तिथे काळं आणि पांढरं कालवून ठेवलेलं असतं. काळा ०, पांढरा २५५, मधला साधारण १२८. आता तुम्ही पांढरं काढलंत. पण १२८ वाला पिक्सेल पांढरा नाही, तो तसाच राहिला, पोटात अर्धं पांढरं घेऊन. तो जाऊन बसला तुमच्या निळ्या स्लाइडवर. निळा समजा लाल १६, हिरवा ३२, निळा ८० असा आहे. त्या जागी खरं तर अर्धा काळा अर्धा निळा, म्हणजे ८, १६, ४० असा जवळजवळ काळपट रंग यायला हवा होता, त्याऐवजी तिथे १२८ चा राखाडी बसलाय, आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उजळ. असे शेकडो पिक्सेल ओळीने कडेला बसले की लोगोभोवती ती पांढरट रेघ दिसते, आम्ही तिला हेलो म्हणतो.

म्हणजे नुसतं पांढरं पुसून भागत नाही, त्या मधल्या पिक्सेलमधलं पांढरं *वजा* करावं लागतं, म्हणजे राखाडी भरीव पिक्सेलच्या जागी काळा पण अर्धा पारदर्शक पिक्सेल आला पाहिजे. मग तो निळ्यावर ठेवा, लालवर ठेवा, जिथे जाईल तिथला रंग आपोआप घेतो.

आणि हे काम करणारं अगदी नेमकं हत्यार फुकटात आहे. गिम्प नावाचं चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घ्या. त्यात चित्र उघडा, वर कलर्सचा मेनू, त्यात कलर टू अल्फा. रंग पांढरा निवडा. बस. त्याच्यात जे जेवढं पांढरं आहे ते तेवढं पारदर्शक होतं, राखाडी असेल तर अर्धवट, काळं असेल तर तसंच. पेन्सिलीच्या चित्राला, सहीला, शिक्क्याला, शाईच्या अक्षराला याहून चांगलं काही नाही. रंगीत फोटोला मात्र हे लावू नका, माणसांचे दात आणि शर्ट आरपार होतात.

एक महत्त्वाचं. आधी कागद खरोखर पांढरा करून घ्या, नाहीतर अख्ख्या चित्रावर धुकं राहील. कलर्स मेनूतच लेव्हल्स आहे, त्यात पांढऱ्याचा ड्रॉपर घेऊन कागदाच्या जरा मळक्या भागावर क्लिक करा, कागद साफ होतो. जास्त केलंत तर पेन्सिलीच्या बारीक रेघा पण उडतील, जास्वंदीचे ते परागकोशांचे ठिपके वगैरे, तेव्हा डोळा ठेवून करा. मग फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ॲज, नावाच्या शेवटी पीएनजी. सेव्ह केलंत तर गिम्पची स्वतःची फाइल होईल, ती स्लाइडवर चढत नाही.

आणि फोटो परत काढता आले तर काढाच. खिडकीजवळ, ऊन अंगावर नको, फोन कागदाला समांतर, स्वतःची सावली बाजूला. किंवा फोनमधलं स्कॅनचं अ‍ॅप वापरा, ते सावली बऱ्यापैकी मारतं. पाच मिनिटं इथे घातलीत तर पुढचा तास वाचतो.

खिडकीतली_चिमणी
+१००. वाचनखूण साठवली. सहीचं मी इतकी वर्षं चुकीचं करत आले, कडेने खोडरबर फिरवत बसायचे.

कुंपणावरचा
मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. काढायचंच कशाला? अर्ध्या स्लाइडवर पांढरा कागदच ठेवा ना. चित्राला थोडा तिरपा अँगल, हलकी सावली, कागद टेबलावर ठेवल्यासारखा. पोरांनी कागदावर काढलंय ते कागदावर दिसू दे की. स्लाइडवरची सगळी चित्रं हवेत तरंगायलाच पाहिजेत हे कुणी ठरवलं?

ग्रुप फोटोचं पण तेच. भिंत कापून मुलं निळ्या अंधारात उभी करायची, पाय अर्धवट कापलेले, भूतं दिसतात ती. गोलात नाहीतर गोल कोपऱ्याच्या चौकोनात क्रॉप करा, क्रॉप टू शेप, एका मिनिटाचं काम, आणि फाइल जेपीजीच राहते.

शाईचा_डाग
कुंपणावरचे, ग्रुप फोटोबद्दल शंभर टक्के अनुमोदन. चित्रांबद्दल नाही, कारण ताईंना बहुतेक चित्रावर नावांच्या रेघा पण काढायच्या असतील, कुक्षी, पुंकेसर, अंडाशय वगैरे, त्या पांढऱ्या कागदाच्या आत-बाहेर जाताना विचित्र दिसतात.

बिनधास्त_बाबू
बरं मी स्वतःच ते जास्वंदीचं एक चित्र नेटवरून घेऊन माझ्या लाडक्या साइटवर टाकून बघितलं. कबूल करतो. फुलाच्या बाहेरचं सगळं काढलं पण पाकळ्यांच्या आतलं पांढरं तसंच ठेवलं, आणि टोकाच्या बारीक रेघा खाऊन टाकल्या.

वायरमन
तेच होणार. ही एआयवाली हत्यारं 'वस्तू कुठली आणि मागचं काय' एवढंच ओळखायला शिकलेली असतात. त्यांच्या लेखी फूल ही एक भरीव वस्तू. रेघांच्या मधली रिकामी जागा म्हणजे कागद, हे त्यांच्या गावी नसतं. माणूस, खुर्ची, बाटली असलं काही असेल तर मात्र झकास.

आणि चित्र बनवणाऱ्या एआयला 'पारदर्शक बॅकग्राउंडवर दे' सांगितलं की कित्येकदा तो पण बुद्धिबळाचा पट रंगवूनच देतो, कारण त्याने तसली हजारो चित्रं बघितलेली असतात. फाइल खरी आहे का खोटी हे ओळखायचं असेल तर स्लाइडवर एक लाल चौकोन काढा आणि चित्र त्यावर ठेवा. लाल दिसलं तर खरी.

लोगोसाठी नेट शोधत बसू नका, ऑफिसात ज्याने लेटरहेड छापून घेतलं त्याला मूळ फाइल मागा, एसव्हीजी (यात चित्र ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांत साठवलेलं असतं) किंवा पीडीएफ. एसव्हीजी मिळाली तर पॉवरपॉइंटमध्ये थेट टाकता येते, पिक्सेलची भानगडच नाही, कितीही मोठी करा.

रेघोट्या
सगळ्यांचे खूप खूप आभार. लोगो मिळाला, पीडीएफमध्ये होता, ऑफिसातल्या दादांकडे नऊ वर्षांपासून पडून होता म्हणे.

पण शाईताई, चित्रांचं आगीतून फुफाट्यात झालंय. तुम्ही सांगितलं तसं कागद साफ केला, कलर टू अल्फा केलं, गिम्पमध्ये बघितलं तर अप्रतिम, एक मुंगी नाही. स्लाइडवर ठेवलं आणि चित्र गायब! आधी वाटलं फाइलच रिकामी आली. मग स्क्रीनला नाक लावून बघितलं तर आहे, पण गडद निळ्यावर काळ्या रेघा, दिसणार कशा. दोन तास घालवल्यावर हे कळलं. स्वतःलाच हसले.

कुंपणावरचा
म्हटलं होतं ना कागद राहू दे म्हणून :)

शाईचा_डाग
अरे देवा, हे मी सांगायलाच विसरले, माझी चूक. पण तुमचं अर्ध्याहून जास्त काम झालंय. त्याच फाइलवर गिम्पमध्ये कलर्स मेनूतून इन्व्हर्ट करा. काळ्या रेघा पांढऱ्या होतील आणि पारदर्शकता जशीच्या तशी राहील, कारण इन्व्हर्ट रंगाला हात लावतं, अल्फाला नाही. जिथे पेन्सिल दाबून चालवलीये तिथे दाट पांढरं, जिथे हलकी तिथे फिकट. आधी केलं असतंत तर कागद काळा झाला असता, आता कागदच नाहीये.

गिम्प परत उघडायचा कंटाळा आला असेल तर पॉवरपॉइंटमध्येच चित्रावर राइट क्लिक, फॉरमॅट पिक्चर, त्यात पिक्चर करेक्शन्स, ब्राइटनेस १०० टक्के. काळं पीएनजी पांढरं होतं. काळ्या लोगोची पांढरी आवृत्ती हवी असेल तेव्हा मी पण हेच करते, कुणाला सांगू नका.

आकडेवाला
आमच्याकडे आलेखांचं असंच होतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मॅटप्लॉटलिबने आलेख काढताना सेव्ह करायच्या आज्ञेत ट्रान्सपरंट ट्रू असं दिलं की पीएनजी पारदर्शक येतं, सगळे खूश, आणि मग गडद स्लाइडवर अक्षाचे आकडे आणि अक्षरं काळी ती काळीच. रेघा रंगीत असल्यामुळे त्या तेवढ्या दिसतात, म्हणजे हवेत लटकलेल्या दोन रेघा, कशाच्या ते माहीत नाही. आता मी अक्षरांचा रंग आधी ठरवतो, मगच पारदर्शक करतो.

माझ्याकडे लिब्रेऑफिस (फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर) आहे, त्यातल्यांसाठी: टूल्समध्ये कलर रिप्लेसर आहे, चार रंगांपर्यंत घेता येतात आणि प्रत्येकाला किती टक्के जवळपासचा रंग चालेल ते सांगता येतं. तिथे रंगाच्या जागी ट्रान्सपरंट निवडायचं. मुंग्या कमी होतात, हेलो नाही जात.

खिडकीतली_चिमणी
मला ग्रुप फोटोबद्दल विचारायचंय कारण माझंही तेच काम आहे. क्रॉप चालणार नाहीये, वरून हुकूम आलाय की माणसं कापूनच हवीत. केसांचं काय करायचं? कुरळे केस असलेल्या प्रत्येकीने हेल्मेट घातल्यासारखं दिसतंय.

वायरमन
पॉवरपॉइंटमध्ये पिक्चर फॉरमॅटमध्ये अगदी डावीकडे रिमूव्ह बॅकग्राउंड आहे, ते जांभळं करून दाखवतं काय काढणार ते. मग मार्क एरियाज टू कीप आणि रिमूव्ह अशा दोन पेन्सिली. लोक इथे अख्खी आउटलाइन गिरवत बसतात, तशी गरज नाही, छोटी छोटी रेघ मारा, तो अंदाज घेतो. केसांना मात्र हे बरं नाही.

विंडोज ११ मधल्या पेंटमध्ये २०२३ पासून बॅकग्राउंड काढायचं बटण आलंय आणि पारदर्शक पीएनजी पण सेव्ह होतं. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो सुटा उचलता येतो. थोडं कमांड वगैरे टाइप करायची तयारी असेल तर रेमबीजी नावाची मुक्त प्रणाली आहे, पायथनवर चालते, एकदा मॉडेल उतरलं की नेट नसलं तरी काम करते. मी हे मुद्दाम सांगतोय कारण रेघोट्या ताई, तुमच्या फोटोत शाळेतली मुलं आहेत. कुठल्यातरी फुकट साइटवर अल्पवयीन मुलांचे फोटो चढवू नका, तिथे ते किती दिवस राहतात आणि कशाला वापरतात हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्या मशीनवर होतंय तर तिथेच करा.

शाईचा_डाग
केसांसाठी दोन युक्त्या. एक म्हणजे फोटो काढतानाच साधी भिंत, आणि माणसं भिंतीपासून चार पावलं पुढे. काळे केस, स्लाइड गडद असेल तर मागची भिंत पांढरीशुभ्र नको, मध्यम रंगाची बरी, कारण केसांत अडकलेला भिंतीचा रंग काही केल्या पूर्ण जात नाही, तो निदान डोळ्यात भरणार नाही असा असावा.

दुसरी म्हणजे फोटो काढून झालाच असेल तर माणसांच्या मागे स्लाइडवर एक मऊ उजेडाचा गोल ठेवा, मधे फिकट निळा आणि बाहेर जाता जाता गडद होणारा. उजळ कड उजळ जागेवर आली की भांडण मिटतं. आणि पॉवरपॉइंटची सावली पारदर्शक चित्राच्या आकाराप्रमाणे पडते, चौकोनाची पडत नाही, तेव्हा हलकीशी द्या, हेल्मेट जरा कमी वाटतं. गडद स्लाइडवर सावली दिसत नाही म्हणा, तिथे उजेडाचा गोलच.

कुंपणावरचा
म्हणजे आधी बॅकग्राउंड काढायचं आणि मग नवीन बॅकग्राउंड लावायचं. मी काही बोलत नाही.

खिडकीतली_चिमणी
वरच्यांना तेच हवंय हो, काय करणार. गोलाची युक्ती करून बघते.

मधलं_पान
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. पॉवरपॉइंटमध्ये बॅकग्राउंड काढलं तरी मूळ फोटो फाइलच्या आत असतो. ती प्रेझेंटेशन ज्याच्याकडे जाईल त्याने रिसेट पिक्चर दाबलं की भिंत, भिंतीवरचा फळा, फळ्यावर लिहिलेले मार्क, मागून डोकावणारे शिपाई, सगळे हजर. क्रॉपचंही तेच. एका ओळखीच्या माणसाने स्क्रीनशॉटमधला पगाराचा कॉलम क्रॉप करून स्लाइड सगळ्यांना पाठवली होती, पुढचं सांगत नाही.

उपाय असा की कापून झाल्यावर त्या चित्रावर राइट क्लिक, सेव्ह ॲज पिक्चर, पीएनजी निवडा, मूळ चित्र डिलीट करा आणि हे नवीन इन्सर्ट करा. नुसत्या क्रॉपसाठी कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये क्रॉप केलेला भाग कायमचा काढायची खूण असते.

गिम्पवाल्यांनी पण एक्स्पोर्टच्या खिडकीत पारदर्शक पिक्सेलचे रंग सेव्ह करा अशी खूण असते ती काढून टाकावी, नाहीतर अल्फा ० असलेल्या पिक्सेलचे मूळ रंग खाली तसेच दडून राहू शकतात.

रेघोट्या
बाप रे. हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्या ग्रुप फोटोत मागे खरंच फळ्यावर मुलांची नावं आणि दंड लिहिलेत!

अपडेट: इन्व्हर्ट केलं. शाईताई तुम्हाला दंडवत. निळ्यावर पांढऱ्या रेघा, हुबेहूब फळ्यावर खडूने काढल्यासारखं दिसतंय. ग्रुप फोटो कुंपणावरच्यांचं ऐकून गोल कोपऱ्यात क्रॉप केला आणि फळा कायमचा उडवला.

आता शेवटचे दोन प्रश्न, मग त्रास देत नाही. एक म्हणजे सहकारी बाईंना चित्रं मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवली तर त्यांच्याकडे मागे काळं आलं. दुसरं म्हणजे प्रेझेंटेशन ११० एमबीचं झालंय, मेलने जात नाही.

वायरमन
फोटो म्हणून पाठवलं की अ‍ॅप त्याचं जेपीजी करतं, पारदर्शकता तिथेच संपली. डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. तसंच ब्राउझरमधून चित्र कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केलं तरी कधीकधी मागे काळं येतं, क्लिपबोर्डवर अल्फा गळतो. आधी सेव्ह करा, मग इन्सर्ट.

साइजचं म्हणाल तर तुमचे फोनचे फोटो ४००० पिक्सेल रुंद असणार. पीएनजी काहीही न गाळता दाबतं, त्यामुळे कागदाचा खरखरीतपणा, कॅमेऱ्याचे दाणे सगळं जपून ठेवतं आणि फाइल फुगते. दाखवायचंय कुठे, तर १९२० गुणिले १०८० च्या प्रोजेक्टरवर. चित्र अर्धी स्लाइड घेत असेल तर १००० पिक्सेल रुंद खूप झालं. गिम्पमध्ये आधी चित्राच्या भोवतीची रिकामी जागा कापा, मग इमेज मेनूतून स्केल इमेज करून लहान करा. ४००० चं १००० केलं म्हणजे पिक्सेल सोळा पटीने कमी. लहान करायचं काम सगळ्यात शेवटी हं, कापाकापी मोठ्यावर, कडा चांगल्या येतात.

रिकामी जागा कापायचा अजून एक फायदा, स्लाइडवर चित्र सरळ रेषेत लावताना सॉफ्टवेअर त्या अदृश्य कडा धरतं, आपल्याला वाटतं मधोमध ठेवलंय आणि ते भलतीकडे झुकलेलं असतं.

बिनधास्त_बाबू
अदृश्य कडा! म्हणून माझे सगळे आयकॉन वरखाली नाचतात होय. मी तर प्रत्येक वेळी डोळ्यांनी जुळवत बसतो.

रेघोट्या
११० वरून ६ एमबी. मेल गेली.

आज दाखवलं. प्रोजेक्टर जुना आहे, निळा जरा धुरकट दिसतो पण पांढऱ्या रेघा मागच्या बाकापर्यंत दिसल्या. एक सांगायचं राहिलं. दोन-तीन चित्रांत फुलाच्या बाजूला पुसट पांढरे पट्टे दिसत होते, मी लेव्हल्सने कितीही साफ केले तरी थोडे उरलेच. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. वर्गात स्लाइड आल्याबरोबर ज्याचं चित्र होतं तो ओरडला, बाई ते मी खोडलेलं दिसतंय! कागदावर नुसतं बघून कळत पण नाही, पण त्याने आधी पाकळी मोठी काढली होती, मग खोडून लहान केली, ती जुनी पाकळी अंधुक पांढरी, बरोब्बर मागे उभी.

शाईचा_डाग
खोडरबराने उरलेला ग्रॅफाइटचा थर असतो तो, कलर टू अल्फा त्याला पण पकडतं. ते घालवायचं असेल तर त्याच खिडकीत ट्रान्सपरन्सी थ्रेशोल्ड म्हणून सरकपट्टी आहे, ती थोडी वर न्या.

रेघोट्या
नको, ती पाकळी राहू दे.